सीडीच्या कपाटातून कॉम्प्युटरमार्गे स्पीकरपर्यंत: घरी चांगलं गाणं ऐकण्याची जुळवाजुळव

आमच्या घरी बाबांनी जमवलेल्या तीनशेच्या आसपास सीडी आहेत. ख्याल, ठुमरी, नाट्यसंगीत, अभंग, थोडी भावगीतं. सीडी प्लेअर बिघडला, दुरुस्त करणारा मिळेना आणि कपाट कित्येक महिने बंदच राहिलं. ते गाणं घरात पुन्हा वाजायला लागलं ते एका जुन्या लॅपटॉपमुळे. ज्यांच्याकडे कॉम्प्युटर आहे, एखादा अ‍ॅम्प्लिफायर आणि स्पीकर आहेत किंवा घ्यायचे आहेत, आणि ज्यांना गाणं मन लावून ऐकायचं आहे, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे.

कॉम्प्युटरवरचं गाणं पातळ लागतं, कानाला टोचतं, अशी तक्रार मी नेहमी ऐकते. ती खोटी नाही. पण कॉम्प्युटरच्या लेखी गाणं म्हणजे आकड्यांची रांग. ती रांग जशीच्या तशी बाहेर पोचली आणि आकड्यांचा आवाज करण्याचं काम चांगल्या उपकरणाने केलं, तर साधा लॅपटॉपही चांगल्या सीडी प्लेअरच्या तोडीचा वाजतो. बिघडतं ते मधल्या लुडबुडीने: कोणी फाइल आधीच छाटलेली असते, कोणी 'बास' वाढवत असतं, कुठे चार्जरची घरघर मिसळत असते. तेव्हा प्रत्येक पायरीवर एवढंच बघायचं, की इथे मध्ये कोण हात घालतंय.

आधी आहे त्यावरच ऐका

पहिल्या दिवशी फक्त एक वायर घ्या. एका टोकाला हेडफोनची ३.५ मिलिमीटरची पिन, दुसऱ्या टोकाला लाल-पांढऱ्या दोन आरसीए पिना. लॅपटॉपच्या हेडफोन जॅकमधून ती काढून अ‍ॅम्प्लिफायरच्या मागे 'ऑक्स', 'सीडी' किंवा 'ट्यूनर' लिहिलेल्या जोडीत लावा. 'फोनो' लिहिलेल्या जोडीत लावू नका. ती रेकॉर्ड प्लेअरसाठी असते. सुईकडून येणारा क्षीण सिग्नल तिथे कितीतरी पट वाढवतात आणि खर्ज-तार यांचा तोलही बदलतात. लॅपटॉप तिथे जोडला की आवाज फाटतो.

कॉम्प्युटरचा व्हॉल्यूम जवळजवळ पूर्ण ठेवा आणि कमी-जास्त करायचं ते अ‍ॅम्प्लिफायरच्या बटणाने करा. कॉम्प्युटर वीसवर ठेवून अ‍ॅम्प्लिफायर चढवला, तर गाण्याबरोबर वायरमधली खरखरही तितकीच चढते.

आता गाणं न लावता ऐका. अ‍ॅम्प्लिफायर रोजच्या जागेवर आणा, पंखा बंद करा आणि स्पीकरजवळ कान न्या. अगदी जवळून हलकं 'सूं' ऐकू आलं तर ते चालतं, बसायच्या जागेवरून ते जाणवत नाही. माऊस हलवला किंवा पान सरकवलं की चिरचिर येत असेल, तर लॅपटॉपच्या आतल्या सर्किटचा गोंगाट हेडफोन जॅकमध्ये उतरतोय. आणि सलग 'घूं' येत असेल, तर ती विजेची घरघर आहे.

ही घरघर शास्त्रीय संगीत ऐकणाऱ्याला सगळ्यात जास्त छळते. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे घरघर ५० किंवा त्याच्या दुप्पट, १०० हर्ट्झवर येते. काळी एकच्या, म्हणजे पेटीच्या पहिल्या काळ्या पट्टीच्या, तानपुऱ्याशी ती ताडून बघा. पुरुष गायकाचा काळी एकचा षड्ज साधारण १३९ हर्ट्झला असतो. त्या हिशोबाने १०० हर्ट्झची घरघर मंद्र सप्तकात तीव्र मध्यम आणि पंचम यांच्या मधोमध कुठेतरी लागते, ना या स्वरावर ना त्या. गायक आलापीत एकेक स्वर जपून लावत असतो आणि खाली एक बेसूर तंबोरा अखंड वाजत राहतो. सिनेमाच्या गाण्यात ती झाकली जाते, विलंबित ख्यालात नाही.

घरघर कशी घालवायची

लॅपटॉप असेल तर सर्वात सोपी परीक्षा म्हणजे चार्जर काढून बॅटरीवर चालवणं. घरघर थांबली तर ती चार्जरच्या वाटेने येत होती. तीन पिनांचा चार्जर असेल तर बहुतेक वेळा कारण हे, की लॅपटॉप एका सॉकेटवरून अर्थिंग घेतो, अ‍ॅम्प्लिफायर दुसऱ्या, आणि दोन्ही ऑडिओ वायरने जोडलेले. असं अर्थिंगचं एक वेटोळं तयार होतं आणि त्यात ५० हर्ट्झ फिरत राहतं. दोन्ही उपकरणं एकाच एक्स्टेन्शन बोर्डावर घ्या. निम्म्याहून अधिक घरांत तेवढ्याने काम होतं असा माझा अनुभव आहे. नाहीच झालं तर 'ग्राउंड लूप आयसोलेटर' नावाची छोटी डबी मिळते, ती ऑडिओ वायरच्या मध्ये बसते. अगदी स्वस्त डबी खर्ज थोडा खाते, म्हणून ती शेवटचा उपाय.

चार्जरची किंवा अ‍ॅम्प्लिफायरची अर्थिंगची जाड पिन तोडायचा सल्ला काही जण देतात. घरघर जाते हे खरं, पण आत काही बिघडलं तर धातूच्या पत्र्यात वीज उतरते आणि हात लावणाऱ्याला झटका बसतो. असं कधीही करू नका.

जुन्या वाड्यांत आणि चाळींत तीन भोकांचं सॉकेट असतं, पण तिसऱ्या भोकाला वायरच जोडलेली नसते. लॅपटॉपच्या धातूच्या कडेवरून बोट फिरवलं की मुंग्या आल्यासारखं वाटत असेल, तर संशय घ्या आणि वायरमनकडून अर्थिंग तपासून घ्या. माझ्या पहिल्या घरात नेमकं हेच होतं. मी तीन महिने वायरी बदलत बसले आणि दोष भिंतीत निघाला.

आणखी दोन खास आपल्या घरांतले शत्रू. गोल फिरवायचा इलेक्ट्रॉनिक पंखा-रेग्युलेटर: पंखा दोन-तीनवर असताना स्पीकरमधून बारीक गुणगुण येते आणि पाचवर नेला की थांबते. पंखा पूर्ण वेगाने चालवा किंवा बंद ठेवा, नाहीतर पायऱ्यांचा कपॅसिटरवाला रेग्युलेटर बसवून घ्या. दुसरा शत्रू इन्व्हर्टर. स्क्वेअर वेव्ह प्रकारच्या इन्व्हर्टरवर अ‍ॅम्प्लिफायरचा ट्रान्सफॉर्मर स्वतःच भुणभुणतो. लोडशेडिंगच्या वेळी लॅपटॉपच्या बॅटरीवर हेडफोन लावून ऐकलेलं बरं, किंवा पुढचा इन्व्हर्टर साइन वेव्हचा घ्या.

डॅक कधी घ्यायचा

आकड्यांचा विजेचा सिग्नल करणाऱ्या उपकरणाला डॅक म्हणतात. तो प्रत्येक कॉम्प्युटरच्या आत असतोच, म्हणून तर हेडफोन वाजतो. बाहेरचा डॅक घ्यायचं मुख्य कारण म्हणजे हे नाजूक काम लॅपटॉपच्या आतल्या गोंगाटापासून दूर नेणं. वर सांगितलेली चिरचिर तुमच्याकडे नसेल आणि जॅकमधून येणारा आवाज स्वच्छ असेल, तर डॅकची घाई करू नका. ते पैसे स्पीकरसाठी ठेवा. स्पीकर बदलल्याने पडणारा फरक घरातलं लहान मूलही सांगेल. दोन चांगल्या डॅकमधला फरक मला डोळे मिटून सांगता येत नाही.

चिरचिर असेल तर मात्र यूएसबीवर लागणारा डॅक घ्या. बोटाएवढे डोंगलसुद्धा आज पुरेसे स्वच्छ असतात. मोठी डबी घ्यायची तर मागे आरसीएची लाल-पांढरी जोडी, यूएसबी आणि शक्यतो ऑप्टिकल इनपुट आहे एवढं बघा. ऑप्टिकल वायरमधून वीज जात नाही, नुसता प्रकाश जातो, त्यामुळे अर्थिंगचं वेटोळं तिथे तुटतंच. ज्यांच्या डेस्कटॉपला मागे ऑप्टिकल सॉकेट आहे, त्यांच्या हाती घरघरीवरचा उत्तम उपाय आयताच आहे.

महागड्या यूएसबी वायरीवर पैसे घालू नका. पाच मीटरच्या आतली, घट्ट बसणारी साधी वायर आकडे पुरेपूर पोचवते. वायर खरोखरच खराब असेल तर आवाज तुटतो, टकटकतो. 'स्वर जरा कोरडे झाले' असं काही यूएसबी वायरीने होत नाही.

ब्लूटूथबद्दल थोडक्यात: नेहमीचं ब्लूटूथ आवाज पाठवण्याआधी पुन्हा छाटतं. स्वयंपाकघरात गाणं लावायला ठीक. बसून ऐकायला वायरच.

विंडोजची लुडबुड बंद करा

विंडोज ११ मध्ये सेटिंग्ज, सिस्टिम, साउंड असं जा आणि ज्या उपकरणातून आवाज काढायचा आहे त्यावर क्लिक करा. तिथे 'ऑडिओ एन्हान्समेंट्स' बंद करा, 'स्पेशियल साउंड' बंद करा. अनेक लॅपटॉपवर कंपनीने आपलं वेगळं ध्वनी-सॉफ्टवेअरही घातलेलं असतं, सिनेमा, गेम, म्युझिक अशा बटणांचं. ते शोधून पूर्ण बंद करा, 'म्युझिक'वरही ठेवू नका. पट्टीच्या आकाराच्या लॅपटॉप-स्पीकरमधून काहीतरी बरं निघावं म्हणून ते आवाज फुगवतं. मोठ्या स्पीकरवर तबल्याचा बायाँ त्यामुळे ढोलासारखा होतो.

त्याच पानावर 'फॉरमॅट' दिसेल. सीडीवरचा आवाज सेकंदाला ४४,१०० नमुने, प्रत्येक नमुना १६ बिटांचा, असा साठवलेला असतो, १९८२ साली सीडी बाजारात आली तेव्हापासून. विंडोज मात्र अनेकदा ४८,००० वर लावलेली असते आणि प्रत्येक गाण्याचे आकडे चालता चालता बदलते. हा बदल बहुतेकांना ऐकू येणार नाही. तरी तो टाळायला काही खर्च नाही, म्हणून टाळा. संग्रह मुख्यतः सीडीचा असेल तर ४४,१०० आणि २४ बिट निवडा.

याहून चांगली सोय म्हणजे गाणं वाजवणाऱ्या सॉफ्टवेअरने विंडोजला बाजूला सारून थेट डॅकशी बोलणं. मी फूबार २००० वापरते. ते मोफत आहे, दिसायला ओकंबोकं आहे आणि कामाला चोख आहे. त्याच्या प्रेफरन्सेसमध्ये 'आउटपुट' उघडा. यादीत तुमच्या डॅकचं नाव दोनदा दिसेल, त्यातलं 'एक्स्क्लुझिव्ह' लिहिलेलं निवडा. आता फाइल जशी असेल तशीच डॅकला मिळते. खूण म्हणजे गाणं चालू असताना ब्राउझरमधला किंवा मेलचा टुणटुण आवाज येत नाही. आलापीच्या मध्येच व्हॉट्सअ‍ॅपची घंटी वाजणं थांबलं, एवढ्यासाठीही ही सेटिंग करावी.

मॅकवर 'ऑडिओ मिडी सेटअप' नावाच्या छोट्या प्रोग्राममध्ये नमुन्यांचा दर हाताने निवडता येतो. लिनक्सवाल्यांनी प्लेअरमध्ये आल्साचं थेट हार्डवेअर आउटपुट निवडलं की झालं.

सीडी उतरवणं

हे काम एकदाच करायचं असतं, म्हणून नीट करा. मी पहिल्यांदा केलं तेव्हा जागा वाचावी म्हणून सगळ्या सीडी १२८ किलोबिटच्या एमपी३मध्ये उतरवल्या होत्या. दोन उन्हाळ्याच्या सुट्ट्या गेल्या. नंतर चांगल्या स्पीकरवर ऐकलं आणि जाणवलं, की तानपुऱ्याची जवारी नाहीशी झाली आहे. तार छेडल्यावर जो सूर उघडत जातो, एकातून दुसरा स्वर झिरपत येतो, ते सगळं जाऊन मागे एक पाणीदार सळसळ उरली होती. कानाला फारसं कळणार नाही असं ज्याला वाटेल ते एमपी३ टाकून देतं, आणि जवारी नेमकी त्या बारीक वरच्या स्वरांमध्ये राहते. सगळ्या सीडी पुन्हा उतरवाव्या लागल्या.

म्हणून फ्लॅक वापरा. ही २००१ पासूनची मोफत, सर्वांसाठी खुली पद्धत आहे. ती आवाज छाटत नाही, फक्त घडी घालून ठेवते. उलगडली की एकही आकडा इकडचा तिकडे झालेला नसतो. एक तासाची सीडी म्हणजे साधारण ६३५ मेगाबाइट, फ्लॅकमध्ये ती निम्म्याच्या आसपास येते. आमच्या तीनशे सीडी शंभर-सव्वाशे गिगाबाइटमध्ये बसल्या. आजच्या डिस्कच्या मानाने ही जागा काहीच नाही. फ्लॅकमध्ये ० ते ८ असे घडीचे स्तर असतात, त्याने आवाजात फरक पडत नाही, म्हणून ५ वर आहे तसं राहू द्या.

लॅपटॉपला सीडी ड्राइव्ह नसेल तर यूएसबीवर चालणारा डीव्हीडी ड्राइव्ह घ्या किंवा कुणाकडून आठवडाभरासाठी आणा. विंडोजवर एक्झॅक्ट ऑडिओ कॉपी (ईएसी) वापरा, मॅकवर एक्सएलडी. साधा प्रोग्राम ओरखड्यापाशी अडखळला की अंदाजाने पुढे जातो. हे प्रोग्राम तीच जागा पुनःपुन्हा वाचतात आणि उत्तर जुळेपर्यंत सोडत नाहीत.

पहिल्यांदा उघडल्यावर ईएसी तुमचा ड्राइव्ह तपासून घेतं, ते पूर्ण होऊ द्या. वाचनाची पद्धत 'सिक्युअर' निवडा. उतरवताना 'टेस्ट अँड कॉपी' निवडा, म्हणजे प्रत्येक ट्रॅक दोनदा वाचला जातो आणि दोन्ही वेळचा सीआरसी नावाचा तपासणी-आकडा शेजारी शेजारी दिसतो. तो जुळला तर निर्धास्त व्हा. अ‍ॅक्युरेटरिप नावाची सोयही त्यात आहे. जगात इतर कोणी तीच सीडी उतरवली असेल, तर त्यांच्या आकड्यांशी तुमचे ताडून बघता येतात. पाश्चात्त्य सीडींसाठी ती फार उपयोगी पडते. आपल्या भावगीतांच्या किंवा एखाद्या छोट्या कंपनीने काढलेल्या अभंगांच्या सीडी तिथे बऱ्याचदा सापडत नाहीत, म्हणून स्वतःच दोनदा वाचून घेण्याला आपल्याकडे जास्त किंमत आहे.

एखादा ट्रॅक जुळत नसेल तर सीडी बाहेर काढा. चष्मा पुसायचं मऊ कापड किंचित ओलं करून मधल्या भोकापासून कडेकडे सरळ रेषेत पुसा. गोल गोल पुसू नका. गोल ओरखडा खोबणीच्या दिशेने जातो आणि सलग मोठा भाग वाचता येत नाही, आडवा ओरखडा मात्र ड्राइव्ह सांभाळून घेतो. तरीही जमलं नाही तर दुसऱ्या ड्राइव्हवर प्रयत्न करा. आमच्याकडची एक नाट्यगीतांची सीडी तीन ड्राइव्हांनी नाकारली आणि चौथ्या, सगळ्यात जुन्या ड्राइव्हने मुकाट्याने वाचली.

राग, ताल आणि नावांचा घोळ

सीडी घातली की प्रोग्राम इंटरनेटवरून गाण्यांची नावं आणतो. सिनेमाच्या गाण्यांना ती बरी असतात. शास्त्रीय संगीतात 'ट्रॅक १: राग यमन' एवढंच येतं, कधी गायकाच्या जागी तबलजीचं नाव असतं, आणि मालकंस चार स्पेलिंगांत मिळतो. हे हाताने नीट करायला वेळ लागतो, पण संग्रह वापरता येतो तो यामुळेच. संध्याकाळी मारवा ऐकावासा वाटला तर तो सापडला पाहिजे.

फ्लॅक फाइलमध्ये माहितीचे कप्पे तुम्ही स्वतः ठरवू शकता. मी नेहमीच्या कलाकार आणि अल्बमशिवाय राग, ताल, बंदिशीचे शब्द, साथ, आणि मैफलीचं ध्वनिमुद्रण असेल तर ठिकाण आणि साल, असे कप्पे ठेवले आहेत. एमपी३टॅग या मोफत प्रोग्राममध्ये ते भरता येतात, नाव एमपी३चं असलं तरी फ्लॅकलाही चालतं. फूबारमध्ये 'राग' असा वेगळा स्तंभ लावला की सगळ्या गायकांचे भूप एकाखाली एक येतात.

देवनागरीत लिहा, फ्लॅकला त्याची अडचण नाही. फक्त एक बारकावा सांभाळा. 'साऱ्या', 'दुसऱ्या' यांतला अर्धा र वेगवेगळ्या कीबोर्डांवर दोन वेगळ्या तऱ्हांनी टाइप होतो. दिसायला सारखाच, पण कॉम्प्युटरच्या लेखी अक्षरं वेगळी. मी अर्धा संग्रह फोनवर आणि अर्धा लॅपटॉपवर भरला आणि मग शोधलं तर निम्मेच अभंग सापडायचे. एकाच कीबोर्डावर सगळं भरा. मालकंस की मालकौंस, हेही आधीच ठरवून वहीत लिहून ठेवा. फोल्डरची आणि फाइलची नावं मात्र मी रोमन लिपीत ठेवते, कारण गाडीतल्या जुन्या स्टिरिओवर देवनागरीच्या जागी चौकोन दिसतात.

अनेक सीडींवर बडा ख्याल आणि छोटा ख्याल असे दोन ट्रॅक पाडलेले असतात, पण गाणं मध्ये थांबलेलं नसतं, तानपुरा चालूच असतो. फ्लॅक आणि फूबार यांमध्ये हा सांधा कळत नाही. एमपी३मध्ये फाइलच्या टोकांना रिकामी जागा येते आणि काही प्लेअरवर सांध्याशी तानपुरा क्षणभर गुदमरतो.

जपणूक

संग्रहाच्या तीन प्रती असाव्यात: एक कॉम्प्युटरमध्ये, एक बाहेरच्या हार्ड डिस्कवर, एक दुसऱ्या घरी. माझी तिसरी प्रत भावाकडे असते, दर दिवाळीला भाऊबीजेला गेले की डिस्कांची अदलाबदल होते. फ्लॅक फाइलमध्ये स्वतःचा तपासणी-आकडा जपलेला असतो. फूबारमध्ये सगळा संग्रह निवडून 'व्हेरिफाय इंटेग्रिटी' चालवलं की कुठली फाइल सडली आहे ते कळतं. वर्षातून एकदा पुरे. मूळ सीडी टाकून देऊ नका.

कॅसेट असतील तर

सीडीवर कधीच न आलेलं गाणं कॅसेटवर असतं, विशेषतः घरच्या मैफलीचं. आधी फीत बघा. पावसाळ्यात कोकणात आणि मुंबईत तिच्यावर पांढरी बुरशी धरते. अशी कॅसेट तशीच वाजवलीत तर हेड खराब होईल आणि पुढच्या कॅसेटलाही लागण होईल. ती बाजूला ठेवून जाणकाराला दाखवा. हेड आणि रबरी रोलर आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. डेकच्या लाइन-आउटमधून वायर काढा. लॅपटॉपच्या एकुलत्या एक जॅकमधून आवाज आत घ्यायची वाट माइकची आणि मोनो असते, तिथे लावू नका. स्टिरिओ लाइन-इन असलेला यूएसबी ऑडिओ इंटरफेस लागेल. डेस्कटॉपला मागे फिकट निळं सॉकेट असतं, तेच लाइन-इन. गुलाबी माइकचं.

ऑडासिटीमध्ये २४ बिटवर रेकॉर्ड करा आणि सर्वात चढ्या तानेलाही पातळी उणे सहा डेसिबलच्या वर जाऊ देऊ नका. आख्खी बाजू सलग घ्या, तुकडे नंतर पाडा. आणि मूळ रेकॉर्डिंगवर 'नॉइज रिडक्शन' चालवू नका. जो आवाज सतत सारखा असतो तो नको असलेला आहे असं ते धरून चालतं, आणि मैफलीत सतत सारखा असतो तो तानपुरा. फितीच्या सूं-सूंबरोबर तोही पुसला जातो. ती सूं-सूं पाच मिनिटांत कानाआड होते.

ऑनलाइन गाणं

अ‍ॅपल म्युझिकने २०२१ मध्ये न छाटलेलं संगीत द्यायला सुरुवात केली आणि त्याचे वेगळे पैसे लावले नाहीत. स्पॉटिफायनेही २०२५ मध्ये न छाटलेलं संगीत द्यायला सुरुवात केली. सेटिंग्जमध्ये जाऊन 'लॉसलेस' स्वतः चालू करावं लागतं, हे अनेकांच्या ध्यानात येत नाही. ९६ किंवा १९२ किलोहर्ट्झच्या हाय-रेझोल्यूशन फाइलींच्या मागे मी लागत नाही. सीडीचे ४४,१०० नमुने २० किलोहर्ट्झपर्यंतचा आवाज पुरा धरतात आणि माणसाचा कान त्याच्या वर ऐकत नाही. फरक खरंच ऐकू येतो का, हे फूबारच्या एबीएक्स चाचणीने बघा. दोन फाइली ती नाव न सांगता ऐकवते आणि तुम्ही किती वेळा बरोबर ओळखलंत ते मोजते. मी ३२० किलोबिटचा एमपी३ आणि फ्लॅक यांत बहुतेक वेळा चुकते. तरी संग्रह फ्लॅकमध्येच ठेवते, कारण त्यापासून पुढे हवं ते बनवता येतं आणि छाटलेलं परत जोडता येत नाही.

शेवटी स्पीकर

दोन स्पीकर आणि तुमचं डोकं यांचा समभुज त्रिकोण व्हावा. दोन्हींमध्ये सहा फूट अंतर असेल तर तुम्हीही प्रत्येकापासून सहा फुटांवर. उंच स्वरांचा छोटा स्पीकर कानाच्या उंचीला हवा, म्हणून जमिनीवर ठेवू नका आणि शोकेसच्या बंद कप्प्यात कोंबू नका. आपल्या बैठकीच्या खोल्यांत गुळगुळीत फरशी आणि मोकळ्या भिंती असतात, टाळी वाजवली तर झणझणतं. समोर सतरंजी अंथरा, मागच्या भिंतीला पडदा किंवा पुस्तकांचं कपाट असू द्या.

मग स्पीकरचं त्याच्या मागच्या भिंतीपासूनचं अंतर ठरवा. स्पीकर भिंतीला चिकटला की खर्ज फुगतो. काळी एकच्या तानपुऱ्यातली खर्जाची तार ६९ हर्ट्झच्या आसपास असते, आणि लहान स्पीकरमधून ती नुसती अंदाजानेच कळते. अशा वेळी भिंतीचा थोडा आधार कामी येतो. ओळखीच्या आलापीची पहिली दोन मिनिटं लावा. स्पीकर वीतभर पुढे घ्या, पुन्हा तीच दोन मिनिटं ऐका, परत थोडे मागे. खर्जाची तार इतर तीन तारांपेक्षा वेगळी उठून 'धम्म' करत असेल तर अजून पुढे, ती हरवत असेल तर मागे. चारही तारा एका ओळीत फिरायला लागल्या आणि गायकाचा आवाज दोन स्पीकरांच्या मधून, जिथे काहीच ठेवलेलं नाही तिथून यायला लागला, की थांबा. आणि फरशीवर स्पीकरखालच्या स्टँडच्या चारी कोपऱ्यांशी चिकटपट्टीच्या खुणा करून घ्या, नाहीतर उद्या केर काढताना ते पुन्हा भिंतीला टेकतील.